सहाव्या क्रमांकाचा कागद

९ जानेवारी
सिनेटनं ठराव केला! रेडफर्न लष्करी ठाण्यावरच्या उपासमारीचे सगळे कागद राष्ट्राध्यक्षांनी पाठवावेत — “सार्वजनिक हिताला बाध येत नसेल तर.” हे शेपूट नेहमीचंच. नकला माझ्याकडे, युद्धखात्यात असं अक्षर दुसऱ्या कुणाचं नाही. त्या ठाण्याचा कॅप्टन असाहेल माझा थोरला भाऊ होता, हे मात्र इथं कुणाला ठाऊक नाही. आमची आई एक, वडील वेगळे, म्हणून आडनावंही वेगळी.

घरी येऊन कीझाया वहिनींना सांगितलं. मक्याचा पाव कापता कापता थांबल्या. “आता खरं बाहेर येईल, भाऊजी. असाहेल माणसांना उपाशी मारणारा नव्हता.” एकतीस शिपाई गेले, शेवटी तोही गेला. कॅप्टननं वेळेवर पीठच मागवलं नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय. दोन वर्षं चर्चमध्ये वहिनींच्या बाकावर कुणी बसत नाही.

१२ जानेवारी
गठ्ठ्यातला सहावा कागद — असाहेलचं अक्षर! “सप्टेंबर. पीठ तीन आठवड्यांचं उरलंय. हे माझं चौथं पत्र.” कोपऱ्यात खात्याचा शेरा: “उन्हाळ्याच्या तोंडी पाहू.”

रडलो. कागदावर थेंब पडू नये म्हणून बाही आडवी धरली. नक्कलनवीसाची सवय, दुसरं काय!

१३ जानेवारी
हेडकारकून प्रुएट साहेबांनी तो कागद काढून घेतला. “हा जाणार नाही.”

मी म्हणालो, राष्ट्राध्यक्षांच्या खलित्यात तर ‘सर्व कागद’ असं लिहिलंय.

“आपण देऊ तेच सर्व. नक्कलनवीसाचा हात लिहितो, डोळा वाचत नाही. शपथ घेतलीत ना नोकरीला लागताना?”

घेतली होती. म्हणून घरी वहिनींना त्या कागदाचं सांगितलं नाही.

१५ जानेवारी
कागदांवर क्रमांक घालणं माझं काम. पाच. मग सात. सहा मुद्दाम गाळला! प्रुएट साहेब शब्द न् शब्द ताडून पाहतात, आकडे कधीच पाहत नाहीत — वीस वर्षांची खोड. हात दाखवून अवलक्षण. पण करून बसलो.

१९ जानेवारी
खलिता गेला. राष्ट्राध्यक्षांचे चिटणीस सिनेटच्या दारात वाकले, तो देऊन निघाले. मी वर गॅलरीत होतो. वाचणारा एका सुरात वाचत सुटला, जोडलेल्या कागदांची यादीसुद्धा. निम्मे सिनेटर आपापली पत्रं लिहीत होते, एक तर चक्क घोरत होते. आता “टेबलावर ठेवा, छापा” म्हणून विषय बाजूला सारणार, तेवढ्यात म्हातारे सिनेटर लॅथ्रप उठले.

“थांबा हो! पाचानंतर एकदम सात? सहा कुठं जेवायला गेला?”

हशा पिकला. पण ठराव झाला — सहावा कागद पाठवा!

घरी सांगितलं तर वहिनी चुलीपुढून धावतच आल्या. “तो कागद असाहेलचाच असणार! बघाच तुम्ही.” दोन वर्षांत त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. तो मी वाचलाय, हे मात्र शपथेपायी सांगितलं नाही.

२३ जानेवारी
उत्तराचा मसुदा माझ्याच टेबलावर. दोनच ओळी: सहावा कागद नाहीच, नक्कलनवीसाच्या हातून आकडा चुकला.

प्रुएट साहेब खुर्ची ओढून शेजारी बसले. आवाज चढवला नाही. “लिहा. नाहीतर उठा. तुम्ही उठलात तर दुसरा लिहील. आणि घरी त्या विधवा बाई आहेत ना? त्यांना काय खायला घालणार?”

म्हणजे त्यांना सगळं कळलंय.

लिहिलं. लाज वाटते सांगायला — अक्षर नेहमीपेक्षा सुरेख आलं.

२५ जानेवारी
वहिनींनी ते उत्तर छापलेलं वर्तमानपत्र वाचलं. बराच वेळ त्याची घडी घालत बसल्या. मग म्हणाल्या, “तो नक्कलनवीस तुम्हीच ना, भाऊजी? अशी कशी हो चूक केलीत? उगाच आशा लावलीत.”

“हो, वहिनी,” म्हणालो. “माझीच चूक.”