ओरखड्याकडे सरकणाऱ्या पेशी

तीर्थरूप बाबा,

तुमच्या लेकीचा नमस्कार. हैदराबादेत मी बरी आहो, मेसची भाजीही आता गोड लागते.

काल प्रयोगशाळेत ताटलीतल्या पेशींच्या थरावर ओरखडा काढला. आज पाहिलं, तर काठावरच्या पेशी लांबट होऊन तो बुजवायले सरकून राहिल्या होत्या. एक प्रथिन त्यांले तसा निरोप देते. दुसऱ्या ताटलीत मी ते प्रथिन बंद केलं होतं, तिथं ओरखडा तसाच उघडा होता. मले तुमच्या पायाची जखम आठवली.

साखर वाढली की असे निरोप अडतात, बाबा. तुमची चूक नाही.

आई फोनवर म्हणाली, "जखम भरून राहिली." पण मागून तुम्ही "तिले सांगू नको" म्हटलेलं मले ऐकू आलं.

रविवारी खापरखेड्याले पोचते. सोमवारी रामदासपेठेत डॉक्टरले पाय दाखवू. रागवायचं असेल तर गाडीत रागवा.

तुमची,
गुंजन