पाण्यासाठी उठलो

बाबा, आज वाचनालयात ती माझ्यासाठी खोटं बोलली, आणि तिथंच माझं सगळं फिरलं. हा कागद पोस्टात टाकायचा नाही, तरी लिहून राह्यलो.

महामानवाची जयंती होती. तुम्ही सुरू केलेला अठरा तासांचा अभ्यास अजून विहाराशेजारच्या वाचनालयाच्या त्याच खोलीत बसतो. सतरंजीवर पोट्टे, कोणाच्या मांडीवर परीक्षेचं पुस्तक, कोणाच्या गोष्टीचं. दारातून गरम वारा येतो, पानं फडफडतात, पण दार कोणी लावत नाही. तुम्ही बांबू डेपोतून थेट यायचे, बोटांत कुसं रुतलेली, आणि म्हणायचे, "तुह्या आज्यानं शाळा दाराबाहेर उभं राहून ऐकली. आजच्या दिवशी हे दार लागाचं नाई." लहान होतो, कंटाळून उठलो तर तुम्ही मनगट धरलं. "पाण्यासाठी उठ. कंटाळा आला म्हणून उठू नको." मी रडलो. मग तुम्हीच आपल्या गडव्यातलं पाणी पाजलं.

पुढं याच खोलीत एक पोरगी समोर बसायची; आज खोटं बोलली ती तीच. तिच्या मागं मी चंद्रपूरला तिच्याच कॉलेजात गेलो; वकिली शिकायला, असं सगळ्यांना सांगितलं. तुम्ही असते तर तुम्हालाही तेच सांगितलं असतं. एक दिवस ती सरळ म्हणाली, "माझ्या मनात तसं काही नाही." त्या संध्याकाळी मी मेसमध्ये एका निर्दोष पोराच्या कानाखाली मारली, पेटी बांधली आणि कॉलेज सोडलं. आता तिथंच मोबाईलच्या दुकानात बसतो. आईला वाटते, पोरगा शिकून राह्यला.

आज आई अगदी पुढं बसली होती. वाचनालय सांभाळणाऱ्या बाईंनी मला पोट्ट्यांसमोर उभं केलं. मागून शेजारचे भाऊ ओरडले, "काऊन बे वकील, चंद्रपुरात ब्लेड भेटत नाई का? दाढी पाह्य!" सगळे हसले. "यंदा शेवटचं वर्ष ना तुह्यं?"

मी दाढीवरून हात फिरवला. ती चंद्रपूरवाली पोरांना पाणी वाटत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "शेवटचंच आहे. पेपर चांगले गेले त्याचे."

आईनं पदर सारखा केला आणि भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे पाहिलं. त्या पोरीनं खोटं बोलून मला वाचवलं हे कळत होतं, तरी राग तिचाच आला. इतका नालायक झालो, बाबा. दोनच शब्द बोलायचे होते: कॉलेज सोडलं. पोट्टे पुस्तकं मिटून माझ्या तोंडाकडे पाहत होते. बाई म्हणाल्या, "सांग ना बाबू या पोट्ट्यायले, अठरा तास कसं बसाचं ते."

"पाणी पिऊन येतो," मी म्हणालो.

तिनं लगेच पेला भरून पुढं केला. मी तो घेतला नाही. तहान नव्हती, बाबा. तिच्या बाजूनं बाहेर निघालो. मागं आई कोणाला तरी सांगत होती, "बापासारखाच लाजाळू हाये." ते ऐकवेना, म्हणून मी दार ओढून लावून घेतलं.