एका देवमाशिणीच्या दोन

तीर्थस्वरूप दादा,

तुझ्या धाकट्या बहिणीचा हलत्या टेबलावरून वाकडातिकडा पण मनापासून नमस्कार. (टेबल हलत नाही, असं इथले सगळे म्हणतात. बोटीवरून उतरल्यावर बराच वेळ मलाच सगळं डुलताना दिसतं.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनीने आणलेला पट्टा लावतोस, की गिऱ्हाईक दिसलं की काढून ड्रॉवरमध्ये टाकतोस? रक्तदाबाची गोळी वेळेवर घे. आजची तर हे पत्र पुढे वाचण्याआधीच घे.

तू मला इथे कशाला पाठवलंस ते मी विसरलेले नाही. तुझ्या लेकीच्या, आपल्या भिंगरीच्या डोक्यातलं हे समुद्राचं खूळ काढायचं, तिला समजावून घरी आणायचं आणि चष्म्याच्या दुकानात तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवायचं. ती आली नाही तर आत्ता बंद असलेलं तुमचं बोलणं कायमचं बंद, असं तू मला गाडी सुटेपर्यंत खिडकीतून ऐकवत होतास. पण बोटीवर जागा मोजकी, नुसत्या पाहुण्याला घेत नाहीत. म्हणून भिंगरीच्या मोठ्या बाईंनी (त्या देवमाशांच्या वागण्याचा अभ्यास करतात, माणसांच्या वागण्याबद्दल त्यांना फारसं कुतूहल नाही) मला स्वयंसेवक करून घेतलं. तर तुझी बहीण या वयात पुन्हा ड्यूटीवर आहे, आणि तीही बिनपगारी.

काम काय, तर उभं राहून समुद्राकडे बघत राहायचं. मी म्हटलं, एवढंच? अरे, मी जन्मभर बसमध्ये उभी राहिले, तिकिटं फाडली, सुट्ट्यांवरून भांडले, पण हलत्या गाडीत कधी दांडा धरला नाही. समुद्राने पहिल्याच सकाळी माझा हा तोरा उतरवला. बादली मांडीत घेऊन बसले होते, तर बोटवाला म्हणतो, "मावशी, वाऱ्याकडे तोंड नका करू, मागचे प्रवासी तक्रार करतात." मी म्हटलं, माझ्या बसमध्ये असं बोलला असतास तर पुढच्या स्टॉपला उतरवला असता. तेव्हापासून आमचं छान जमतं.

खरी फजिती पुढेच आहे. देवमासा दिसला की "तो बघा, तो बघा" म्हणून भागत नाही. बोटीचं नाक म्हणजे बारा, मागची बाजू म्हणजे सहा, असं घड्याळ मनात धरून आकडा ओरडायचा. उजवीकडे तीन, डावीकडे नऊ. सोपं आहे. पण मी सगळी नोकरी ड्रायव्हरकडे पाठ आणि प्रवाशांकडे तोंड करून केली, इथेही सवयीने तशीच उभी! पाणी खळबळलं आणि मी, शेवटची गाडी सुटताना ओरडायचे तशी, गळा काढून ओरडले, "तीन!" मोठ्या बाई, भिंगरी, कॅमेरे, सगळे उजवीकडे धावले. आणि त्यांच्या पाठीमागे बसएवढं धूड (खोटं नाही, आमच्या डेपोतल्या बसएवढं) सबंध पाण्याबाहेर आलं, हवेतच वळलं आणि आडवं कोसळलं. पाहिलं ते फक्त मी. बाकीच्यांच्या वाट्याला नुसतं पाठीवर पाणी. मोठ्या बाई असा फोटो मिळावा म्हणून सबंध हंगाम डोळे लावून बसल्या होत्या. मग भिंगरी आली, तिने माझे खांदे धरून मला गर्रकन फिरवलं आणि म्हणाली, "आत्या, गाडी इकडे चाललीये." आणि अशी हसत सुटली की शेवटी मोठ्या बाईंनाही राहवलं नाही.

त्या गडबडीत माझ्या हातून तिची दुर्बीण पडली. शाळा संपली तेव्हा तू दुकानातल्या काचेच्या कपाटातून काढून दिलेली, तीच ती काळी. प्रकल्पाच्या नव्याकोऱ्या दुर्बिणी पेटीत पडून आहेत, पण ही पोरगी तिला सोडत नाही. आता तिच्यातून एकाचे दोन दिसतात. मी तर एका देवमाशिणीला जुळं झाल्याचं मोठ्या थाटात जाहीर केलं आणि मग सगळ्यांची माफी मागितली.

पण दादा, तुझी लेक कामात असताना तू एकदा बघायला हवीस. जेवतानासुद्धा एका जागी न बसणारी ही पोर सकाळभर पापणी न हलवता पाण्याकडे बघत असते. गिऱ्हाईक दारात दिसताच तू त्याचा नंबर सांगतोस ना, तशी ही वर आलेल्या शेपटीवरचे पांढरे डाग बघून सांगते, ही अमकी, गेल्या वर्षी एकटी होती, आता लेकरू घेऊन आलीये. मी एकदा नोंद केली की आईने बाळाचा कान धरला. तर म्हणे, "कान कुठे दिसला तुला? दिसलं तेवढंच लिही." आणि इथला सगळ्यात मोठा नियम म्हणजे मागे लागायचं नाही. देवमासा दिसला की इंजिन बंद करून गप्प थांबायचं. वाटलं तर ते येतात, नाही तर आपण घरी. मला हा शुद्ध वेळकाढूपणा वाटला होता. मग एका सकाळी ते लेकरू आपणहून बोटीला लागून आलं, कुशीवर वळलं आणि एका डोळ्याने माझ्याकडे बघत राहिलं. शेजारी आईने सोडलेला श्वासाचा फवारा थेट माझ्या तोंडावर. काय तो घाण वास, बाई! पण पुसावासा वाटला नाही. भिंगरीने माझा हात घट्ट धरला होता. आकडा ओरडायचं मी विसरले, आणि तीही विसरली.

परतताना मी दुकानाचा विषय काढला. ती म्हणाली, "भेटायला येईन गं, राहायला नाही. पण मी आले तर बाबा बोलतील का माझ्याशी?" हा प्रश्न तुझ्या नावाचा आहे, म्हणून जसाच्या तसा पाठवते. तेव्हा तू सांगितलेलं काम माझ्या हातून झालेलं नाही आणि मी ते आता करणारही नाही. वहिनीला नमस्कार.

तुझी,
सध्या पुढे तोंड करून उभी असलेली बहीण

ता. क. माझा जाड स्वेटर आणि कपाटातला जुना चष्मा हवा आहे. हंगाम संपेपर्यंत मी इथेच राहते आहे.

ता. क. दुसरा. या वस्तू पार्सलने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. सोबत तुझी बारीक पेचकसांची पेटी आण, दुर्बीण उघडावी लागेल. "बाबांशिवाय तिला कुणाला हात लावू देऊ नकोस," असं भिंगरीने मला बजावलंय. आलास की तिच्या शेजारी बस आणि दुर्बीण दुरुस्त कर. दुकानाचं नाव काढायचं नाही. इंजिन बंद.

ता. क. तिसरा. इथे बंदरावर दुर्बिणी दुरुस्त करणारा एक माणूस आहे. हात चांगला आहे त्याचा. प्रकल्पाच्या सगळ्या दुर्बिणी भिंगरीच त्याच्याकडे नेऊन देते. मी तिला त्याची आठवण करून दिली नाही, आणि तिनेही मला नाही.