गोंदियाची मंदी

मुंबई, ता. ८ डिसेंबर २०२४

ती. गुलाबचंदमामांस रेणूचा सा. न. वि. वि.

फोनवर मामीच सगळं बोलून टाकते आणि तुम्ही नुसते हूं हूं करता, म्हणून हे पत्र. मी बरी आहे. मामीला सांगा, वाळले नाही.

आमच्या ऑफिसातर्फे दर तिमाहीला भात गिरणीवाल्यांना एक प्रश्न विचारतात, धंदा वाढला, तसाच आहे की मंदी? तुमच्याकडे येतो तो सर्वेवाला आमचाच. गिरण्यांची यंत्रं बनवणाऱ्या नागपूरच्या कंपनीला नफा किती होईल, याचा अंदाज आम्ही या उत्तरांवरून बांधतो. जानेवारीचा अंदाज पहिल्यांदाच माझ्या नावाने जाणार आहे. ऑफिसातला भुपेंद्र मला सीनियर, तरी साहेबांनी काम मला दिलं.

मागची उत्तरं चाळली. गोंदियातले तुम्ही जवळजवळ सगळे वर्षानुवर्षं मंदीच सांगता. इकडे मामी म्हणते की तुम्ही दुसरं यंत्र बसवलंत. खरं काय ते मला एकटीला कळवा.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची रेणू

गोंदिया, ता. १५ डिसेंबर

चि. रेणूस अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न वाचून हसूच आलं. अगं, धंदा बरा आहे असं आमच्याकडे कोणी तोंडाने म्हणतं का? नजर लागते. नजर नाही लागली तर वर्गणीवाले लागतात. बिसरामशेठची गिरणी दोन पाळ्यांत चालते, पण विचारलं की कपाळाला हात लावून म्हणतो, क्या बताऊं भाऊ, मंदी है. मीही तेच म्हणतो. तुझ्या मामीच्या वडिलांनाही लग्नाआधी तेच सांगितलं होतं, तरी त्यांनी मुलगी दिली.

पण तुझ्या नावाचा प्रश्न आहे. म्हणून गिरणीवाल्यांच्या बैठकीत उभा राहिलो. म्हटलं, बहिणीची पोरगी आहे, तिची पहिलीच परीक्षा आहे, एकदा खरं सांगा. चाळीसच्या चाळीस जण कबूल झाले. बिसरामशेठ कुरकुरला, मग त्यानेही मान हलवली. काल सर्वेवाला येऊन गेला. सगळ्यांनी धंदा वाढला म्हणून सांगितलं, आणि तो खरंच वाढला आहे. मामीने तेवढ्यात दारावर लिंबू-मिरच्या बांधल्या. आता तू निश्चिंत राहा.

खुशाली कळवत जा, आमचा जीव तिकडेच असतो.
तुझा मामा

मुंबई, ता. ३ जानेवारी २०२५

ती. मामांस सा. न. वि. वि.

तुमच्यावर रागवावं की तुमच्या पाया पडावं, कळत नाही. मामा, तुम्ही मंदी म्हणणार हे आम्ही धरूनच चालतो. आमचा हिशेब उत्तरात बदल किती झाला, यावर असतो. चाळीसांतल्या चार-पाच जणांनी धंदा तसाच आहे म्हटलं, तरी आम्ही समजतो की बरकत आहे. या वेळी एकदम सगळेच वाढला म्हणाले. संगणकाने कंपनीचा नफा दुप्पट दाखवला. साहेब खूश. हाच आकडा छापू म्हणाले, तुझं नाव होईल.

मला जेवण गेलं नाही. लोक या अंदाजावर त्या कंपनीच्या शेअरमध्ये आपली बचत लावतात. शेवटी साहेबांना सांगून टाकलं की माझ्या मामांनी बैठक घेतली होती. ते आधी हसले, मग हसायचे थांबले. गोंदिया वगळून नवा अंदाज केला आणि तो भुपेंद्रच्या नावाने गेला. एप्रिलचा मला देणार आहेत, पण गोंदियाची उत्तरं पहिल्यासारखी आली तरच. वाईट वाटलं मामा, खूप वाटलं. तुमच्यावर मात्र राग नाही. त्या चाळीस जणांना माझा नमस्कार सांगा.

होता तसाच लोभ ठेवा.
रेणू

गोंदिया, ता. २२ मार्च

चि. रेणूस अनेक आशीर्वाद.

उत्तर लिहायला धीर होत नव्हता. मामी महिनाभर ऐकवत होती की पोरीचं भलं कराले गेले अन् तिचंच नाव घालवून आले. तिचं खरंच होतं.

मग पुन्हा बैठकीत उभा राहिलो आणि हात जोडून सांगितलं, भाऊंनो, पहिल्यासारखं बोला. बिसरामशेठ म्हणाला, मी तं तवाच सांगून राहिलो होतो. बाकीच्यांनी तुझी चौकशी केली. तुझं खरं बोलणं साऱ्यांना आवडलं.

काल सर्वेवाला आला. दारात धानाचे ट्रक उभे, आत दोन्ही यंत्रं चालू, त्याचं बोलणंही नीट ऐकू येईना. त्याने विचारलं, धंदा कसा आहे. आजवर हे उत्तर मी नजरेच्या भीतीने दिलं. काल तुझ्यासाठी दिलं. त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं, मंदी आहे.

सांभाळून राहा.
तुझा मामा