घासून बसवलेल्या प्लेटा

दादा,

वहिनी तुला व्यायामाला दवाखान्यात घेऊन गेलीय, तोवर लिहून ठेवतो. तोंडावर सांगायची हिंमत नाही.

तू मागे लागलास म्हणून काल तुझ्या जुन्या टू-स्ट्रोक बाईकचा क्लच उघडला. आतल्या प्लेटा त्या गाडीच्या नाहीतच. शर्यतीच्या आधी मीच बसवल्या होत्या. ओरिजिनल कुठेच मिळेनात. उल्हासनगरचा स्पेअर पार्टवाला शेठ म्हणालाही होता, "साईं, ये दूसरी गाडी का है, नहीं बैठेगा." मी प्लेटांच्या कडेला आलेले कान कानशीने घासले, बसवल्या आणि तुला ओरिजिनल म्हणून सांगितलं. त्या कानांनी क्लचच्या डब्याला खाचा पडल्यात. प्लेटा तिथेच अडकल्या. शर्यतीत बदलापूरच्या उतारावर तू लिव्हर दाबलास, पण क्लच सुटलाच नाही आणि गाडी तुला घेऊन कोसळली.

दोन वर्षं चाकाच्या खुर्चीत बसून तू म्हणतोस, "माझाच हात चुकला." आईही तुलाच बोलली. मी गप्प राहिलो.

तुझा हात चुकला नव्हता, दादा.

प्लेटा टेबलावर ठेवल्यात, स्वतः बघ. मी बुवापाड्याला आईकडे चाललोय, तिलाही हे सांगायला. तू बोलावलंस तरच परत येईन.

मुकेश