आत्याकडे काय पाठवावं आणि आत्याने कुठे जावं

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच, कारण माझी कंबर धरली आहे. का धरली ते पुढे येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढणं बंद केलंय असं तू लिहितेस आणि त्याच पत्रात वरच्या खोलीची खिडकी पुसल्याचंही लिहितेस, तेव्हा गुडघ्यांची खबर गुडघ्यांनाच विचारलेली बरी. इकडे सगळे ठीक. बाबांचा खोकला गेला, खोकल्याबद्दल बोलणं अजून गेलेलं नाही.

तू पत्रात एकच प्रश्न विचारला होतास. घर मोडून कायमची तुमच्याकडे राहायला येऊ की नको, ते तू सांग, कारण तुझा बाप नि भाऊ गोड बोलतात आणि तू घाबरट आहेस म्हणून खरं सांगशील. (याला कौतुक समजावं का, हे मी अजून ठरवलेलं नाही.) उत्तर देणार आहे. पण आधी कारखान्यात काय झालं ते ऐक, कारण कोणी कुठे राहावं हे ठरवणं हेच सध्या माझं काम आहे आणि त्यात मी नुकतीच तोंडावर आपटले आहे.

आमच्याकडे हॉटेलांच्या नि दवाखान्यांच्या चादरी, टॉवेल, झगे गाड्या भरभरून येतात आणि धुऊन, घड्या होऊन परत जातात. यातली निम्मी कामं कंप्युटरवरचे प्रोग्राम करतात. एक यंत्रात साबण सोडतो, एक गाड्यांचे रस्ते ठरवतो, एक गिऱ्हाइकांच्या मागण्या घेतो, एक घडीवर मालकाच्या नावाचं लेबल छापतो. हे सगळे आमच्याच इमारतीतल्या एका थंडगार खोलीत, कपाटांएवढ्या यंत्रांमध्ये राहतात. त्या खोलीला आख्ख्या कारखान्यातली एकमेव चांगली खिडकी आहे आणि साहेबांना तिथे आपली केबिन हवी आहे. म्हणून त्यांनी मला बोलावून सांगितलं की सगळं क्लाउडवर पाठव. मग माझा चेहरा पाहून म्हणाले, बरं, काय काय जाऊ शकतं ते तूच ठरव, फक्त सगळं जाऊ शकतं असं ठरव.

आता बैठकीत क्लाउड म्हणजे काय ते समजावून सांगायची पाळी माझ्यावर आली, आणि मी घाबरले की माझ्या तोंडून घरातलंच काहीतरी बाहेर पडतं. मी म्हटलं, क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मोठ्या घरातली जागा, लागेल तेव्हा लागेल तेवढी वापरायची. आमच्या घरात ही सोय पहिल्यापासून आहे, तिला आत्याची वरची खोली म्हणतात. पाळणा रिकामा झाला, आत्याकडे. दादाचा व्यायामाचा उत्साह संपला, वजनं आत्याकडे. पाहुणे आले की गाद्या आणायच्या, गेले की पुन्हा आत्याकडे. ठेवताना कोणी काही विचारत नाही. पण काढायला गेलं की आत्या खुर्चीत बसवते, आणि नोकरी कायम झाली का, अशी वाळलीस का, त्या मुलाचं पुढे काय झालं, या सगळ्याची उत्तरं मिळाल्याशिवाय माझी तिथे ठेवलेली पेटी जिना उतरत नाही. क्लाउडचंही असंच असतं. आत टाकणं सोपं, बाहेर काढणं महाग. क्लाउड विकायला आलेले गृहस्थ (चकाकते बूट, सगळे त्यांना ढगवाले म्हणतात) हे ऐकून जरा खट्टू झाले. तेव्हापासून कारखान्यात क्लाउड हा शब्द कोणी उच्चारत नाही. ड्रायव्हर मला जिन्यात गाठून विचारतात, “काय ताई, आमचे रस्ते आत्याकडे चालले म्हणे?” रागावू नकोस. साहेबांनी वरच्या कार्यालयात पाठवलेल्या कागदावरही “आत्याकडे” असंच छापलं गेलं आहे.

निवड कशी करायची, तेही तुझंच शिक्षण उपयोगी पडलं. शाळेत जायच्या आधी तुझ्याकडे मी अक्षरं शिकले आणि धुण्याचे ढीग लावायला शिकले: पांढरे, रंगीत, रंग सोडणारे, आणि ज्यांना हातच लावायचा नाही असे. मी तसेच ढीग लावले. मागण्या घेणारा प्रोग्राम सुट्ट्यांच्या दिवसांत उतू जातो आणि एरवी पेंगत असतो, म्हणजे पाहुण्यांच्या गाद्यांसारखा. तो जाऊ दे. रस्ते ठरवणारा पहाटे राबतो नि दिवसभर लोळतो. तोही जाऊ दे. साबणवाला मात्र यंत्राशेजारीच हवा. नळ उघडला की त्याच क्षणी बंद करता आला पाहिजे, नाहीतर बाहेरची लाइन तुटली त्या दिवशी फेस फाटकापर्यंत येईल. आणि फाटक्या चादरी मोजणारा एक म्हातारा प्रोग्राम आहे, ज्याने लिहिला तो नोकरी सोडून गेला, आत काय आहे कोणाला ठाऊक नाही, एका विशिष्ट जुन्या यंत्राशिवाय तो चालत नाही. त्याला आम्ही आजोबा म्हणतो. तो हलवला की रंग सोडणार. आजोबांना हात लावायचा नाही.

राहिला लेबलवाला. अंगाने हलका, स्वभावाने शांत, कधी तक्रार नाही. मी तो एकटा बसवून तपासला, पुन्हा तपासला, मला तपासायला फार आवडतं हे तू जाणतेसच. मग पाठवला. तो कोणाशी बोलतो हे तेवढं पाहायचं राहिलं. आत्या, तो घडी घालणाऱ्या यंत्राशी सतत बोलत असायचा! हे कोणाचं? अमक्यांचं. आणि हे? तमक्यांचं. एका खोलीत होते तोवर ही कुजबुज कोणाच्या लक्षातही आली नाही. एकाला लांब पाठवल्यावर उत्तर जरासं उशिरा यायला लागलं, तेवढ्यात घडी पुढे सरकायची आणि उत्तर मागून येणाऱ्या घडीला चिकटायचं. सगळ्यांचे कपडे शेजाऱ्याच्या नावावर. मी तिथेच उभी राहून प्रत्येक लेबल डोळ्यांत तेल घालून पाहत होते. अक्षरं सुबक, एकही काना-मात्रा चुकलेली नाही. लेबलाखाली काय आहे ते मी पाहिलंच नाही.

त्या दिवशी दवाखान्याचे मागून नाड्या बांधायचे झगे एका चांगल्या हॉटेलात गेले. तिथले एक वयस्क गृहस्थ तो घालून नाश्त्याला खाली उतरले आणि कपडा हवेशीर आहे म्हणाले. (त्यांच्या मागच्या टेबलावर बसलेल्यांचं मत वेगळं पडलं.) दवाखान्यात सोनेरी किनारीचे जाडजूड झगे पोचले, ते रुग्ण अंगावरून उतरवायला तयार होईनात, आणि एकाने तर डॉक्टरांनाच कॉफी आणायला सांगितली. दिवसभर आम्ही गठ्ठे सोडून हातांनी निवडत होतो. कंबर तिथे धरली. साहेबही बाह्या सरसावून बसले आणि त्यांना घडी घालता येत नाही हे सर्वांना कळलं.

वाचलो एवढ्यावरच की खोलीतला जुना लेबलवाला मी बंद करू दिला नव्हता. यात शहाणपण काही नव्हतं, नुसती भीती होती. साहेब खिडकीच्या पडद्यांचं माप घेऊन बसले होते, तरी मी रोज, “अजून थोडे दिवस राहू द्या ना,” म्हणत होते. तोच पुन्हा कामाला लावला आणि संध्याकाळच्या गाड्या बरोबर घरी गेल्या. साहेबांनी मापाची पट्टी गुंडाळली. मग म्हणाले, “पडदे परत घेतात का, बघ जरा.”

बाकी विशेष काही नाही. गुडघ्यांना शेक दे, खिडकीला राहू दे.

तुझी,
पाकीट चिकटवून पुन्हा उघडणारी भाची

ता. क. तुझ्या प्रश्नाचं राहिलंच. मी तुलाही ढिगांत घालून पाहिलं. एकटीला पाहिलं तर तू सहज हलवण्यासारखी आहेस, एका बॅगेत मावशील, बाबाही हेच म्हणतात. पण या वेळी मी तू कोणाशी बोलतेस ते पाहिलं. तुझी सगळी जुनी पत्रं काढून वाचली. भिंतीपलीकडच्या काकूंबद्दल त्यात एक चांगला शब्द नाही, आणि काकू नाहीत असं एक पत्र नाही. “दूध उतू गेलं वाटतं?” “तुझं गेलं असेल!” हे तुमचं दिवसभर चालतं. तू इकडे आलीस तर तुझा टोमणा भिंतीपलीकडे पोचणार नाही, तो जवळच्या माणसाला चिकटेल, आणि ते माणूस म्हणजे आई. तेव्हा घर मोडू नकोस.

ता. क. दुसरं. नुसत्या माहितीसाठी मी काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, “जाऊ दे बाई, सुटेन एकदाची.” मग संध्याकाळी त्यांचाच फोन आला, तिचं काही ठरलं का म्हणून. थोड्या वेळाने पुन्हा आला, मी फोन केल्याचं तिला सांगू नकोस म्हणून. तेव्हा तुला हे माहीत नाही.

ता. क. तिसरं. मी तुला बोलावून घेतेय अशी बाबांची समजूत आहे. पाकीट त्यांनीच आणून दिलं. त्यांना काही लिहू नकोस.

ता. क. शेवटचं. निवडणाऱ्याने आपला कपडा ढिगावर ठेवू नये, हे तू शिकवलंस, म्हणून एक गोष्ट मी हिशेबात धरलेली नाही. संध्याकाळी घरी येते तेव्हा मला खुर्चीत बसवून विचारणारं इथे कोणी नसतं. म्हणून थोडे दिवस ये, नुसतं करून पाहायला. जुनं काही बंद करायचं नाही, किल्ली काकूंकडे ठेव. न्यायला मीच येते, वरच्या खोलीतली माझी पेटीही तेव्हाच काढू. नोकरी कायम झाली. बाकीची दोन उत्तरं खुर्चीत.