पांढऱ्या पोशाखातल्या पाच हजार नवऱ्या

४ ऑगस्ट १९८६

मिळाली! पाच हजार बाहुल्यांची ऑर्डर, थेट अमेरिकेला! आजवर आमच्या छंगहाईत बाहुल्यांचे नुसते प्लास्टिकचे हातपाय ओतायचे आणि दुसऱ्यांना पाठवायचे. आता अख्खी बाहुली आमची! हाँगकाँगच्या व्यापारी लाउसाहेबांनी ऑर्डरीबरोबर नमुनाही दिला. नवरी आहे, पायघोळ पांढऱ्या पोशाखातली.

जागा नव्हती, तर बोछिएन आजोबांनी कुळाचं देऊळ दिलं, पूर्वजांच्या नावांच्या पाट्या पूजतात ते. कुळात सगळ्यांत वडील तेच. पण कसं दिलं! "माल वेळेवर बोटीत चढला तर पुढचं बघू. नाही चढला तर मशिनी उचलायच्या." आणि मी? परत शेनझेनच्या कारखान्यात, एका खोलीत बाराजणी. नाही जाणार म्हणजे नाही!

६ ऑगस्ट

आजपासून भुतांचा महिना लागला, मेलेले परत येतात तो. आणि आजच पांढरं कापड उलगडलं, माझी अक्कल! बाया दाराशीच थबकल्या. "कोण गेलं गं?"

छ्याओयिन आत्या तर फाटकन म्हणाली, "पूर्वजांच्या पाट्यांसमोर, ह्या महिन्यात, सुतकाचे कपडे शिवू? डोकं फिरलंय का लुआन तुझं?"

"आत्या, तिकडच्या नवऱ्या पांढरंच घालतात."

"मग तिकडच्यांनीच शिवावं!"

चहा ओतला. पुन्हा ओतला. तिसऱ्या कपाला बाईसाहेब मशिनीवर बसल्या. तिच्यासारखी बारीक टीप गावात कोणाची नाही, म्हणून सगळं ऐकून घेतलं.

९ ऑगस्ट

सातशे झाल्या!

१५ ऑगस्ट

आज तीन हजार पार! जेवायला पेज आणि खारवलेला मोहरीचा पाला, तीही उभ्यानं. बाया गातात काय, एकमेकींची लग्नं जमवतात काय! आत्या तर सगळ्यांच्या पुढे. पोशाखाची किनार ती एकटीच करते, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. हौस आलेली दिसते बाईला.

२१ ऑगस्ट

मेले!

लाउसाहेब तपासायला आले. बाहुली उजेडात धरली, किनार उलटली. आत लाल दोऱ्याचा एक टाका. दुसरीला तोच. दहा उघडल्या, दहांना तोच. "पांढऱ्यातून लाल दिसतंय. दुकानदार म्हणेल डाग पडलाय. हा माल मी घेणार नाही."

आत्याकडे बघितलं. ती ताठ उभी. "एवढ्या पोरी पांढऱ्यात घालून समुद्रापार धाडायच्या, तेही भुतांच्या महिन्यात. शकुनाचा एक टाकासुद्धा नको?"

मी ओरडले. खूप ओरडले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तरी थांबले नाही. आता लाज वाटतेय.

लाउसाहेबांच्या अक्षरशः पाया पडले. टाके उसवायला तीन दिवस दिलेत.

२२ ऑगस्ट

सकाळी देवळात गेले तर आत्या आधीच बसलेली, टाके उसवत. मीही चिमटा घेऊन शेजारी बसले. "जपून ओढ, कापड फाटेल," एवढंच म्हणाली. बरं वाटलं.

मग बोछिएन आजोबा आले. वाटलं, मशिनी उचला म्हणणार. त्यांनी चष्मा पुसला, स्टूल ओढलं. "एक चिमटा द्या इकडे." थोड्या वेळानं आपणहून म्हणाले, "माझे दोन्ही नातू शेनझेनला आहेत. इथे काम राहिलं तर येतील ते." मग काय, अख्खं गाव लोटलं. खाटीकसुद्धा!

२४ ऑगस्ट

पास! सगळ्या पाच हजार! ट्रक शानथौ बंदराकडे निघाला. आत्या त्याच्यामागून वळणापर्यंत पळत गेली, साठीची बाई! मी हसत होते की रडत होते, देव जाणे.

३० ऑगस्ट

लाउसाहेबांची तार आली. माल बोटीत चढला. आणि पुढची ऑर्डर साठ हजारांची! देऊळ पुरणार नाही, म्हणून कुळाची सभा भरली. बोछिएन आजोबाच म्हणाले, "पाट्या काढून माझ्या माळ्यावर ठेवू. पूर्वज समजून घेतील. पाट्यांच्या जागी आठ मशिनी बसतील." सगळ्यांचे हात वर, आत्याचासुद्धा. सगळे माझ्याकडे बघत होते, मी पाट्यांकडे: यांच्याच समोर बसून पाच हजार नवऱ्या शिवल्या, आता यांनाच बाहेर काढायचं?

माझा हात वर जाईना.